सौदा मोडला, फिरवला की फिसकटला?

१९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांची नोट चलनातून मागे घेत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होते, "दोन हजारची नोट कॅन्सल झाली." काही दुकानदारांनी ती नोट घेणेच बंद केले आणि बाहेरगावचे गिऱ्हाईक दारातून परत पाठवले. वास्तविक ती नोट कॅन्सल झालीच नव्हती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री पाचशे आणि हजारांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, त्या कायदेशीर चलन राहिल्या नाहीत. दोन हजारांची नोट मात्र कायदेशीर चलन राहील, असे बँकेने त्याच निवेदनात लिहिले होते. 'रद्द' आणि 'मागे घेतली' यांतला फरक ज्याने पाहिला नाही, त्याचा त्या आठवड्यातला धंदा शेजाऱ्याच्या गल्ल्यात गेला.

हा 'कॅन्सल' शब्द आपल्या व्यापारात असाच सगळीकडे घुसला आहे. ऑर्डर कॅन्सल, गाडी कॅन्सल, चेक कॅन्सल, मीटिंग कॅन्सल, आता तर सोयरीकही कॅन्सल. इंग्रजी शब्दाशी माझे भांडण नाही. बिल, पार्सल, ट्रान्सपोर्ट हे शब्द आपण पचवले आहेतच. पण या एका शब्दाने आपले आठ-दहा शब्द खाल्ले, आणि त्या प्रत्येक शब्दात नुकसान कोणाचे, कसूर कोणाची, याचा निवाडा होता. तो निवाडा गेला याचे मला वाईट वाटते.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात 'सौदा फिसकटला' म्हणजे भाव जुळलाच नाही, कोणाचे काही देणे-घेणे नाही. 'सौदा मोडला' म्हणजे ठरलेला होता, तो तुटला, आता इसाराचे काय ते बोला. 'सौदा फिरवला' म्हटले की बोट एका माणसाकडे जाई, त्याची जबान फिरली. 'थांबवला' किंवा 'मुलतवी ठेवला' म्हणजे माल बांधून ठेवा, आज ना उद्या जाईल. आजचा व्यापारी या चारही गोष्टींना फोनवर 'कॅन्सल' म्हणतो आणि फोन ठेवतो. ऐकणाऱ्याने काय समजायचे?

कचेरीची भाषा अजून पक्की आहे. खटला तहकूब होतो, अर्ज खारीज होतो, दस्त रद्दबातल होतो, समिती बरखास्त होते. पेशकार कधी एकाच्या जागी दुसरा शब्द लिहीत नाही. इमादशाहीपासून निजामापर्यंत वऱ्हाडच्या वरच्या दफ्तराची भाषा फारसी होती, तिथून हे शब्द आपल्या मराठीत मुरले. उर्दू शाळेत आम्हाला 'मन्सूख' आणि 'मुलतवी' वेगवेगळे शिकवले होते, तेव्हा ते फक्त परीक्षेसाठी वाटले. 'रद्द' हा शब्द तर अरबीत मुळात 'परतवणे' या अर्थाचा. वारसा वाटपात हिस्से देऊन काही उरले तर ते वारसांकडे परत जाते, त्यालाही फिकहमध्ये 'रद्द'च म्हणतात. म्हणजे रद्द झाले की काहीतरी कोणाला तरी परत मिळायला हवे. आपल्या 'कॅन्सल'मध्ये कोणाला काहीच परत मिळत नाही.

जुन्या हुंडीवाल्यांकडे आणखी एक सुंदर शब्द होता. हुंडीचे पैसे चुकते होऊन ती निकामी केली की तिला 'खोखा' म्हणत. पैसे फिटून संपलेला कागद वेगळा आणि पैसे न मिळता परत आलेला कागद वेगळा. दोन्ही कागद निरुपयोगीच, पण नाव एक नव्हते.

खरी गोष्ट मला आमच्या कारागिरांबद्दल सांगायची आहे. गणवेशाचा हंगाम घ्या. मे महिन्यात एका खरेदीदाराने आमच्या माहितीतल्या एका शिलाईवाल्याला दोनशे जोडांची ऑर्डर दिली. कापड आले, कापले गेले, बटणे-काज बाहेर दिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोबाइलवर दोन शब्द आले, 'ऑर्डर कॅन्सल'. दुसऱ्या ठिकाणी जोडी स्वस्त मिळाली एवढेच कारण. कापलेले कापड त्या रंगात, त्या मापात दुसरे कोण घेणार? हा सौदा 'कॅन्सल' झाला नव्हता, तो फिरवला गेला होता. तो शब्द कोणी तोंडावर उच्चारला असता तर मधल्या चार माणसांनी त्याला निदान कापडाचे पैसे मिळवून दिले असते. 'कॅन्सल' म्हटल्यावर सगळे गप्प बसले, जणू पाऊस पडला नाही तसे काहीतरी झाले.

आपल्या फिकहने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. सांगून माल बनवून घेण्याच्या करारास 'इस्तिस्ना' म्हणतात. इमाम अबू हनीफा यांच्या मते माल पाहिल्यावर घ्यायचा की नाही याचा इख्तियार गिऱ्हाइकाला असे. त्यांचेच शागिर्द इमाम अबू यूसुफ यांनी वेगळे मत दिले. सांगितल्याबरहुकूम माल बनला असेल तर गिऱ्हाइकाला नाकारता येणार नाही, कारण कारागिराचा माल खर्ची पडला आहे. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' ही कायद्याची संहिता तयार झाली, तिच्या ३९२ व्या कलमात तर त्याहून पुढे जाऊन करार ठरला की कोणालाही फिरता येणार नाही असे धरले आहे. माल ठरल्याप्रमाणे नसेल तरच गिऱ्हाइकाला मोकळीक. शिंपी, सुतार, चांभार यांच्या बाजूने इतके स्पष्ट बोललेले आपल्याकडे असताना आपणच दोन शब्दांत ऑर्डर उडवून देतो.

हे दुखणे फक्त आपल्या जिल्ह्याचे नाही. २०२० च्या साथीत युरोप-अमेरिकेच्या मोठ्या कपडा कंपन्यांनी बांगलादेशातील तीन अब्ज डॉलरहून अधिक रकमेच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा रोखून धरल्या, असे तिथल्या कारखानदारांच्या संघटनेने जाहीर केले होते. बराचसा माल शिवून तयार होता. त्या संघटनेने 'रद्द' आणि 'रोखलेल्या' असे दोन्ही शब्द मांडले, हे लक्षात घ्या. रोखलेल्या मालाचे पैसे पुढे मागता येतात.

आता कोणी म्हणेल, अडचण कोणाला येत नाही? येते, आणि तिच्यासाठीही शब्द आहे, 'इकाला'. दोघांच्या राजीखुशीने झालेला सौदा परत घेणे. पैगंबर साहेबांची (स.) हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. तिचा आशय असा, की जो पस्तावलेल्या माणसाचा सौदा परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह माफ करतो. आपल्या देशाचा १८७२ चा करार कायदाही ६२ व्या कलमात दोघांच्या संमतीने करार सोडण्याची सोय देतो. दोन्ही ठिकाणी अट एकच, दुसऱ्याला विचारा. सांगून टाकणे वेगळे. बयाणा जप्त करण्याबाबत मात्र मतभेद आहेत. हनफी फिकहात ते जायज धरत नाहीत, इमाम अहमद बिन हंबल यांच्याकडे मुभा आहे. बयाणा देण्या-घेण्यापूर्वी आपल्या आलिम साहेबांना विचारलेले बरे.

सरकारी कागदांत तर शब्द चुकला की दंडच. ई-वे बिल काढल्यापासून चोवीस तासांतच रद्द करता येते. जीएसटी नोंदणी 'सस्पेंड' झाली आणि 'कॅन्सल' झाली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचे विवरणपत्र भरावे लागते, ते पुष्कळांना ठाऊकच नसते. आणि गंमत पाहा, बँक आणि कर-खाते आपल्याकडून मागतात 'कॅन्सल चेक'. दोन आडव्या रेघा मारलेला, पैसे न देणारा, पण खाते आपलेच असल्याचा पुरावा. कॅन्सल या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये जाळी असे आहे. लिहिलेल्यावर रेघांची जाळी मारायची, म्हणजे खोडले. खालचा मजकूर मात्र जाळीतून दिसत राहतो.

शिंपीबांधवांच्या दुकानात 'शिवलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असतेच. 'कापड कापल्यावर ऑर्डर फिरवल्यास कापडाची पूर्ण आणि शिलाईची अर्धी रक्कम द्यावी लागेल' ही ओळ त्याखाली वाढवा आणि तीच पावतीवर छापून गिऱ्हाइकाची सही घ्या. रंगारी एका ओळीचे फार पैसे घेणार नाही.