नाताळचे गाणे आणि मराठीचा कान

टिळकांच्या कवितेवर प्रश्नपत्रिका काढताना आपण मराठीचे अध्यापक कोणता प्रश्न हमखास घालतो, हे सांगावयास नको. 'फुलामुलांचे कवी' ही उपाधी, निसर्ग, गृहजीवन. फार तर अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले, ही माहिती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शंभराहून अधिक उपासनागीते लिहिली आणि त्यांपैकी कितीतरी आजही मराठी मंडळ्यांतून गाइली जातात, ही गोष्ट मात्र वर्गाबाहेरच राहते. आधुनिक मराठी कवीची रचना शंभर वर्षे आठवड्यामागून आठवडे समूहाने गावी, हे भाग्य केशवसुतांच्याही वाट्याला आलेले नाही. तरीही ती रचना आपल्या लेखी कविता नाही!

याचे कारण धार्मिक पूर्वग्रह एवढेच आहे, असे आम्हांस वाटत नाही. हे काव्य पुस्तकात अर्धेच असते. उरलेले अर्धे चालीत असते, आणि चाल ऐकावयास मिळत नाही. वास्तविक टिळकांचे शेवटचे पर्व आमच्या दाराशी घडले. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्यास आले आणि 'देवाचा दरबार' त्यांनी येथे मांडला. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. त्या दोन वर्षांच्या मधोमध, १९१८ च्या नाताळात, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नऊ वाचने आणि कॅरोल्स यांची उपासना प्रथम झाली. १९२८ पासून ती रेडिओवरून ऐकू येऊ लागली, पुढे तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि आज साताऱ्याच्या विद्यार्थ्याला नाताळचे गाणे म्हटले की तोच आवाज आठवतो. साताऱ्याचा आवाज त्याला ठाऊक नाही.

ध्वनिमुद्रण हे केवळ जतन नसते, ते अभिरुची घडवते. पीटर फिलिप्स यांनी १९७३ मध्ये 'टॅलिस स्कॉलर्स' हा लहानसा गायकवृंद उभा केला. प्रबोधनकाळातील बहुस्वरी उपासनासंगीत तोवर बव्हंशी अभ्यासकांच्या टिपणांत होते. एकेका स्वरपट्टीला दोन-दोन गळे, वाद्य नाही. जोस्कँ दे प्रे या संगीतकाराच्या दोन 'मिसा' त्यांनी मुद्रित केल्या आणि १९८७ मध्ये 'ग्रामोफोन' मासिकाने तीच ध्वनिमुद्रिका वर्षातील सर्वोत्तम ठरवली. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा रचनाकार अशा रीतीने सामान्य श्रोत्यांच्या घरात आला. संहितेचे संपादन आवश्यक होतेच, पण ते गळ्यातून गेल्यावाचून भागले नाही.

मग टिळकांची पदे अशाच एखाद्या वृंदाकडून चार स्वरपट्ट्यांत गाऊन घ्यावीत काय? येथे आम्ही थबकतो.

मराठी ख्रिस्ती गाण्यात दोन प्रवाह आहेत. एक पाश्चात्त्य चालींवर रचलेल्या गीतांचा, दुसरा देशी चालींवरील पदे-अभंगांचा. पहिल्या प्रवाहाची अडचण मराठीच्या अंगची आहे. इंग्रजी स्तोत्राची चाल आघातावर उभी असते. मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर. त्यामुळे चालीचा जोर 'देवाचा' या शब्दात 'दे'वर न पडता 'चा'वर पडतो, विभक्तिप्रत्यय छाती काढून उभा राहतो आणि नाम बिचारे मागे. 'प्रभु'मधला ऱ्हस्व 'भु' चार ठोके ताणला जातो. सवयीने हे कानाला खटकेनासे होते, हे खरे. पण छंदःशास्त्र शिकवणाऱ्याने ते ऐकावे आणि विद्यार्थ्यांना ऐकवावे. अनुवादित पद्याच्या मर्यादांवर याहून चांगला पाठ मिळणार नाही. अशी गीते चतुःस्वरी मेळात खुशाल गावीत. त्यांचा जन्मच त्या घरातला.

अभंगाचे तसे नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग गळ्याच्या सोयीने अक्षर लांबवतो, आखडतो. एकाने चरण म्हणावा, इतरांनी ध्रुपद उचलावे, ही त्याची रीत. टिळक ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने गेले, हे ते स्वतःच सांगत. त्यांच्या अभंगाखाली खर्जाच्या गळ्यांनी ठरावीक स्वरांचा पाया घातला, की मींड मरते. दोन स्वरांमधली जागा मेळाला परवडत नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड तर त्याहून मोकळेपणाने तिचा गळा घोटतो. (आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियम दूर ठेवली, तो अतिरेक होता, पण त्यामागची तक्रार खोटी नव्हती.)

लहान वृंदाची कल्पना मात्र आम्हांस पटते. सात-आठ गळे, शब्द स्पष्ट, साथीला तंबोरा आणि टाळ. सांगली जिल्ह्यात तर याला काहीच कमी नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केले आणि त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले. एका गावात तंबोरा, किराण्याचा सूर आणि मराठी उपासना. तिघांची गाठ एखाद्या ध्वनिमुद्रणात पडावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

यावर एक आक्षेप आम्हांस गंभीर वाटतो. ही गाणी मंडळीने म्हणावयाची आहेत, निवडक गळ्यांनी सजवून ऐकवावयाची नव्हेत. आणि मंडळीला कीबोर्ड आवडत असेल, तर बाहेरच्या प्राध्यापकांनी नाक का मुरडावे? ज्यांची उपासना, त्यांचा अधिकार पहिला, हे आम्ही मान्य करतो. रविवारचे गाणे बदलावे, असे आमचे म्हणणेच नाही. म्हणणे एवढेच, की चालीचे नाव कागदावर उरते आणि चाल गळ्याबरोबर जाते. नाट्यपदांच्या जुन्या पुस्तकांत 'चाल' म्हणून दिलेल्या कितीएक ओळी आज कोणाला गाऊन दाखवता येत नाहीत. मूळ गाणेच विसरले गेले. उपासनागीतांचे तसे होण्यास वेळ लागणार नाही. चाली ठाऊक असलेली माणसे ऐंशीच्या घरात आहेत.

तेव्हा वृंदाआधी त्या वृद्धांचे गाणे टिपून घ्यावे, जसे येईल तसे, खोकल्यासकट. सोबत संहिता, पाठभेद आणि चालीचे नाव लिहून ठेवावे. मराठी विभागांतील एम.ए.च्या प्रकल्पांना दरवर्षी विषय सापडत नाहीत, ही ओरड आपण सारेच करतो. साताऱ्यापुरता एक विषय हा घ्या. नाताळच्या आधीच्या सरावांपासून सुरुवात करता येईल. तेव्हा म्हातारी माणसे आपण होऊन चाली सांगतात, आणि पोरे त्या दुरुस्त करू पाहतात.