नकाशा आयोगाचा, गणित संसदेचं

ओटावा शहराच्या कडेला नव्या वसाहती आणि शेतांनी मिळून बनलेला कार्लटन मतदारसंघ १८६७ सालचा. कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्डही काही काळ इथलेच खासदार. साठच्या दशकात तो नकाशावरून पुसला गेला, २०१५ मध्ये पुन्हा अवतरला. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीआधी त्याच्या हद्दी परत बदलल्या आणि खुद्द विरोधी पक्षनेते पिएर पॉलिएव्ह इथे हरले. उमेदवार होते ९१; मतपत्रिका जवळजवळ मीटरभर!

पराभवाचं खापर नकाशावर फोडायची सोय मात्र नाही. १९६४ च्या कायद्यापासून प्रत्येक प्रांतात तिघांचा स्वतंत्र आयोग हद्दी आखतो. खासदारांनी खुशाल हरकती घ्याव्यात, शेवटचा शब्द आयोगाचा. ही पद्धत हेवा करण्याजोगीच.

पण आयोग फक्त रेषा ओढतो. कोणत्या प्रांताला किती जागा, हे आधीच ठरलेलं असतं, आणि खरी मेख तिथे आहे. ऑन्टॅरिओत सरासरी १ लाख १६ हजार लोकांमागे एक खासदार, तर प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या दीड लाखांना चार. कारण १९१५ ची तरतूद: प्रांताचे खासदार त्याच्या सिनेटरांहून कमी नकोत. २०२२ मध्ये क्यूबेकची एक जागा जाणार असं दिसताच संसदेने सूत्रच बदललं. हा समतेचा नव्हे, सरळसरळ सौदेबाजीचा हिशेब.

पॉलिएव्ह ऑगस्ट २०२५ मध्ये अल्बर्टातली पोटनिवडणूक जिंकून संसदेत परतले. कार्लटन आता लिबरल पक्षाच्या ब्रूस फॅनजॉय यांच्याकडे आहे.