जहाज कुणाचं, पाय कुणाचे

हडपसर मागं टाकून पालखी दिवे घाटाकडे निघाली की रस्त्याकडेला औषधोपचाराचे तंबू दिसू लागतात. अशाच एका तंबूत मी एकदा कापूस-पट्टी पुरवायला बसलो होतो. साठी उलटलेली एक वारकरीण टाचेला फोड घेऊन आली. पट्टी बांधता बांधता तरुण डॉक्टरनं सहज विचारलं, "आजी, विठोबा आहे याला पुरावा काय?"

"त्ये मला काय ठावं? तुम्ही पट्टी घट्ट बांधा, घाट चढायचाय."

डॉक्टर माझ्याकडं बघून हसला. पुरावा नाही, तरी दोनशेच्या वर किलोमीटर चालायचं, म्हणजे बुद्धी गहाण टाकलीच, असा त्या हसण्याचा अर्थ. मला तो पटला नाही. पण डॉक्टरच्या बाजूचा वकील तगडा आहे, त्याला आधी ऐकून घेतलं पाहिजे.

विल्यम क्लिफर्ड हा इंग्रज गणिती. १८७७ सालच्या त्याच्या निबंधात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीला काढायला हवं, हे मालकाला कळतंय. पण खर्च नको, म्हणून तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी तरलं, याही वेळी देव सांभाळेल. जहाज बुडतं, देशांतराला निघालेली कुटुंबं जातात आणि हा विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालक तितकाच दोषी ठरला असता, असं क्लिफर्ड पुढं म्हणतो, ते जास्त जिव्हारी लागतं. तेव्हा अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणं हे कुणालाही, कुठंही, कधीही गैरच.

दृष्टान्त बिनतोड आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. मालकाचा गुन्हा दोन गोष्टींनी गुन्हा होतो: सुतार बोलावून जहाजाचा तळ तपासता येत होता, तो त्यानं तपासला नाही, आणि पणाला लागलेले जीव दुसऱ्यांचे होते. आजीच्या बाबतीत यांतलं काय आहे? जगाच्या मुळाशी कुणी आहे की नाही, हे तपासायला कुठला सुतार बोलवायचा? आणि फोड तिच्याच टाचेला आलाय. (घरी पेरणीच्या दिवसांत सून एकटी राबत असेल, हे मला मान्य आहे. वारीची सगळी किंमत वारकरीच मोजतो असं नाही.)

"पुरावा मिळेपर्यंत थांबा," असं म्हणणाऱ्यांना अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनं १८९६ साली उत्तर दिलं. जिथं पुरावा निकाल देऊच शकत नाही आणि प्रश्न जगण्याचा आहे, तिथं थांबणं हाही एक निकालच असतो. आषाढी कुणासाठी थांबत नाही. चाललात किंवा नाही चाललात, तिसरी वाट नाही.

आमच्या बाजूची काही माणसं इथं भलताच दारूगोळा आणतात. "विज्ञान तरी काय, श्रद्धाच!" हे त्यातलं सर्वांत पोकळ वाक्य. औषध लागू पडलं नाही तर डॉक्टर ते बदलतो. नवस फळला नाही तर आपण देव बदलत नाही, आपलंच काही चुकलं म्हणतो. हा फरक लपवून श्रद्धेची बाजू मांडायची असेल तर ती न मांडलेली बरी. शिवाय आपल्याकडं पुराव्याची चाड नव्हती हेही खोटं. ईश्वर सिद्ध करायला उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली लिहिली, आणि वेद शिरोधार्य मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी जगाचा कर्ता ईश्वर नाकारला. दोघांनीही युक्तिवाद केले, डोळे मिटले नाहीत.

"मग मक्केला जाणारा आणि पंढरीला जाणारा, दोघंही बरोबर?" दोघंही बरोबर असतीलच असं नाही. पण समजूतदारपणे विश्वास ठेवणं वेगळं आणि तो विश्वास खरा निघणं वेगळं. चांगला न्यायाधीशही कधी चुकीचा निकाल देतो. म्हणून त्याला अविचारी म्हणत नाहीत.

क्लिफर्डचा खरा वार पुढचाच आहे: एकदा पुराव्यावाचून मानायची सवय लागली की माणूस भोळसट होतो आणि भोळसटपणा पसरतो. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढं रांगा. तिथं सुतार हजर होता: दुधात रंग मिसळला की मूर्तीवरून खाली उतरणारा ओघळ दिसत होता. पृष्ठताणानं चमच्यातलं दूध ओढलं जात होतं. ते दिसूनही जे मानत राहिले, त्यांचं वकीलपत्र मी घेणार नाही. तापानं फणफणलेल्या पोराला अंगारा लावून घरी ठेवणाऱ्या बापाचंही नाही. तो तर थेट क्लिफर्डचा जहाजमालक.

पण पहिल्या पायरीवरचा माणूस शेवटच्या पायरीपर्यंत घसरतोच, हे क्लिफर्डनं गृहीत धरलंय. तंबूत मला उलटं दिसलं. आजीच्या पिशवीत तुळशीच्या मंजिऱ्या होत्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं पाकीटही. ते बघून डॉक्टरनं जरा दरडावूनच विचारलं, "एकादशीला गोळी बंद ठेवता ना?"

"बंद कशापाई? राजगिऱ्याचा लाडू खाते न् मग घेते," असं म्हणून तिनं पाऊल टेकवून पट्टी अजमावली, आणि एक फेर जास्त मारून घेतला.