टायर मोठे केले, क्राऊन-पिनियनचे काय?

मित्रांनो, जालना रोडवर करमाडच्या स्टॉपला पंधरा मिनिटं उभे राहा. एखादी तरी बोलेरो किंवा थार अशी जाणार की टायर मडगार्डच्या बाहेर आलेत आणि बॉडी वर उचललीय. होस्टेलची पोरं मान वळवून बघतात, मीही बघतो. गाडी झक्कास दिसते, त्याबद्दल वाद नाही. वाद वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. टायरवर भरपूर पैसा घालणारा माणूस एक्सलच्या आत काय फिरतंय हे विचारत नाही, आणि आपण इंजिनिअरिंगवाले ते आपणहून सांगत नाही.

साधा हिशोब करू. बोलेरोचा नेहमीचा टायर 215/75 आर 15. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 75 टक्के आणि रिम 15 इंची. सगळं मिळून व्यास येतो साधारण 703 मिलिमीटर. त्याजागी हौसेने 31 इंची टायर बसवला की व्यास होतो 787. वाढ जवळपास 12 टक्के. मग गाडी जमिनीपासून किती उचलली गेली? वाढीच्या निम्मी, म्हणजे 42 मिलिमीटर. धड तीन बोटंसुद्धा नाही!

आता या तीन बोटांची किंमत बघा. चाक एका फेऱ्यात 12 टक्के जास्त अंतर कापतं, म्हणजे गाडीचा प्रत्येक गिअर आपोआप तेवढा उंच झाला. एक्सलवरचा टॉर्क तोच, पण त्रिज्या वाढली, म्हणून रस्त्यावर मिळणारी ओढ साडेदहा टक्क्यांनी घटली. कन्नडचा औट्रम घाट जी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढायची ती आता दुसरा मागते आणि क्लच प्लेट रडते. उतारावर इंजिन गाडीला जेवढं धरून ठेवायचं तेवढं धरत नाही. ब्रेक तर जुनेच आहेत. तेवढ्याच अंतरात थांबायचं असेल तर त्यांना 12 टक्के जास्त जोर लावावा लागतो, चाकाचं वाढलेलं वजन वेगळंच.

सगळ्यात धोक्याची बाब मीटरची. मीटर फेऱ्या मोजतं, आणि टायर बदलल्याचं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. करमाडजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मर्यादा आहे. मीटरचा काटा 120 वर असताना ही गाडी 134 ने पळत असते. ड्रायव्हरला वाटतं, आपण नियमात आहोत!

यावर इलाज आहे, आणि तो फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप 4.88 च्या एक्सलवर चालायची. युद्ध संपताच 1945 मध्ये विलीजने शेतकऱ्यांसाठी सीजे-2ए काढली आणि एक्सल 5.38 चा केला. पिनियनला दात 8 च, क्राऊनला मात्र 39 ऐवजी 43. चार दात वाढले आणि ओढ 10 टक्क्यांनी वाढली. 1947 पासून महिंद्राने मुंबईत जोडलेल्या जीपसुद्धा विलीजच्याच होत्या. म्हणजे ही विद्या आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. सूत्र एका ओळीचं आहे : जुना रेशो गुणिले नवा व्यास, भागिले जुना व्यास. 4.88 ला वरचीच 12 टक्के वाढ लावली तर उत्तर येतं 5.46, आणि 5.38 ची जोडी त्याच्या जवळ बसते. गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही एक्सल सारख्याच रेशोचे हवेत, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर दोघांची आपसातच ओढाताण सुरू होते.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसतं. मान्य. पण हौस तुमची असली तरी रस्ता सगळ्यांचा आहे. कायदाही तेच सांगतो. कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये दिला. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याची गाडी रोज डांबरी रस्त्यावर आणि पावसाळ्यात चार-दोन वेळा शेतात जाते, त्याने कंपनीच्याच मापाचा, पण खोल नक्षीचा टायर घ्यावा. काळ्या मातीत शिरण्याआधी हवा थोडी कमी करावी आणि डांबरीवर आल्यावर आठवणीने पुन्हा भरावी. ज्याला खरोखर मोठेच टायर लागतात, त्याने आरटीओची परवानगी, क्राऊन-पिनियन, ब्रेक आणि मीटर या चारही गोष्टी टायरच्याच बजेटमध्ये धराव्यात. तेवढा पैसा नसेल तर टायरही घेऊ नयेत. नाहीतर बडा घर, पोकळ वासा!

गिअर रेशोचं गणित आपण परीक्षेत मार्कांसाठी सोडवतो आणि पेपर झाला की विसरतो. सरांना एक विनंती आहे. पुढच्या गॅदरिंगला वर्कशॉपमधला डिफरन्शियल बाहेर मांडू द्या, शेजारी हे कोष्टक लावू द्या, आणि आसपासच्या गावांतल्या गाडीवाल्यांना बोलवा. आणि मित्रांनो, सुट्टीत घरी गेल्यावर काका किंवा मामा नवीन टायर दाखवायला लागले, तर नुसतं ‘भारी!’ म्हणू नका. एक्सलचा रेशो किती आहे, ते विचारा.