सहावा स्वर

कधी बिघडणारे, कधी आपोआप सुधारणारे वाद्य वादकाची सर्वांत कठीण परीक्षा घेते. जपानच्या रोलँड कंपनीचा १९८४ सालचा ‘जूनो-१०६’ हा सिंथेसायझर याचे प्रसिद्ध उदाहरण. वाजवता वाजवता एखादा स्वर मुका होतो किंवा खरखरतो. तीच पट्टी पुन्हा दाबावी, तर स्वच्छ वाजते. वादक मात्र पट्ट्या उघडून पुसत बसतो.

या वाद्यात एका वेळी सहाच स्वर उमटतात. त्यांसाठी सहा स्वतंत्र ध्वनिमंडले आहेत आणि ‘पॉली-१’ स्थितीत दाबलेल्या पट्ट्या त्यांच्याकडे आळीपाळीने जातात. म्हणून एकच पट्टी सावकाश बारा वेळा दाबावी. दर सहाव्या खेपेस बिघाड आला, तर दोष पट्टीचा नसून एका मंडलाचा. त्यातील चिपवरचा राळेचा लेप कालांतराने खराब होतो, हे त्याचे नेहमीचे मूळ. जाणकार कारागीर चिप ॲसिटोनमध्ये भिजवून लेप उतरवतो. पुष्कळदा ती पुन्हा बोलू लागते, नाहीतर बदलावी लागते. उलट, बिघाड एकाच पट्टीला चिकटून राहिला, तर तिच्याखालचा संपर्क स्वच्छ करावा.

एका चिपपायी अख्खे वाद्य भंगारात जाऊ नये. पेचकस हाती घेण्यापूर्वी मोजून ऐकावे.