परिचारिकेची पावले

टोयोटाच्या कारखान्यातील कार्यपद्धती २००२ च्या सुमारास सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने स्वीकारली. परिचारिका पाळीत कशासाठी किती चालतात हे पाहून नित्याचे साहित्य रुग्णांजवळ आणले गेले. वाचलेला वेळ रुग्णाचा. (तोच मनुष्यबळ घटवण्याचे निमित्त झाला, तर सारे व्यर्थ, असे माझे स्पष्ट मत आहे.) धोका दिसताच काम थांबवण्याची मुभा तेथे प्रत्येक कर्मचाऱ्याला मिळाली.

घरी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी सूनबाई दिवसात किती फेऱ्या घालतात, एकदा मोजा. तापमापक, रक्तदाबयंत्र, कोरडे कपडे एकत्र उशाशी ठेवा. रुग्णाला विस्मरण असेल तर गोळ्या मात्र दूरच. आणि गोळी देताना शंका आली, तर सुनेने थांबून डॉक्टरांना विचारावे. आजोबांनी तेवढा वेळ रागावू नये.