मोजले कशाने?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत देशोदेशींच्या श्रमबलाचा तक्ता असतो. चीन पहिला, सुमारे 77 कोटी; भारत दुसरा, 60 कोटींच्या आसपास; अमेरिका तिसरी, सुमारे 17 कोटी. विद्यार्थी तो पाठ करतात. प्रयोगशाळेत कोणी वाचन दाखवले, की मी पहिल्यांदा विचारतो, ‘मोजले कशाने?’ तोच प्रश्न येथेही विचारावासा वाटतो.

श्रमबल म्हणजे काम करणारे अधिक काम शोधणारे. अमेरिकेत सैनिक वगळून 16 वर्षांपासूनची माणसे मोजतात. आपल्याकडे बहुधा 15 पासून. तेथे ठरावीक आठवड्यातले काम विचारतात. आपले 2017 साली सुरू झालेले सर्वेक्षण आठवड्याचे विचारते, तसेच मागील 365 दिवसांचेही. वर्षाचा आकडा मोठा येतो, कारण हंगामापुरते शेतात राबणारे त्यात सापडतात. देश तोच, माणसेही तीच!

आणि स्वयंपाकघराचे काय? खानावळीत पोळ्या लाटणारी बाई श्रमबलात येते. घरी दहा माणसांच्या पोळ्या लाटणारी तुमची आजी येत नाही. घरासाठी विहिरीचे पाणी वाहणारीही नाही. श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2013 साली अशा श्रमांना ‘काम’ म्हटले, पण ‘रोजगार’ म्हटले नाही. मोजायचे तर रेघ कोठेतरी मारावीच लागते, हे मला मान्य आहे. मात्र ती कोठे मारली, हे तक्त्याखाली छापलेच पाहिजे. व्हर्नियरचे लघुतम माप न लिहिलेली प्रयोगवही मी परत करतो. तुम्हीही तक्ता दिसला, की खालची टीप शोधा. बहुधा ती नसतेच.